सात नंबर मिळाला, आणि पिन कुठे ठेवायची तेही कळलं

सात नंबर मिळाला! म्हणजे लाकूड सरळ करायचा लांब हातरंधा. रेकॉर्ड कंपनीचा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, २२ इंची. पात्यावरचं ‘टंगस्टन स्टील’ अजून स्पष्ट वाचता येतंय. चार आणि पाच नंबरचे छोटे रंधे आधीच होते, पण सागाच्या फळ्या कडेला कड लावून जोडायच्या तर लांब रंध्याला पर्याय नाही, हे मागच्या वेळी सविस्तर लिहून झालंय. आज रंध्यापेक्षा शोधाबद्दल जास्त लिहितो, कारण खरं घोडं तिथेच अडलं होतं.

ज्या ॲपवर जुन्या हत्यारांच्या जाहिराती मी सर्वाधिक बघतो, तिथे एक तर एकच शहर निवडायचं, नाहीतर नकाशावर टोचलेल्या पिनेभोवती १०० किलोमीटरचं वर्तुळ. त्याच्या पुढे जाता येत नाही. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नाशकात पिन ठेवली की आत येतं मनमाड, शिर्डी, संगमनेर आणि पश्चिमेला पेठ-जव्हारचे डोंगर. कल्याण जेमतेम बाहेर. मुंबई, पुणे, संभाजीनगर बाहेरच. जिथे जुना माल निघतो ती सगळी शहरं रेषेच्या पलीकडे! एकेक शहर निवडत जावं तर दरवेळी फिल्टर पुसले जातात, ‘नवीन आधी’ हा क्रम आपोआप बदलतो आणि वर्षापूर्वी विकलेल्या वस्तू पुन्हा माथी येतात. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन बसायचं आणि तेच ते ड्रिल मशीन पुन्हा पुन्हा बघायचं, याचा अक्षरशः वीट आला होता.

मग सुचलं, पिन घरावरच हवी असं कुठे आहे? ती दोन शहरांच्या मध्ये ठेवायची.

इगतपुरीला पिन ठेवली की नाशिक तर राहतंच, शिवाय घाटाखालचं कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, ठाणं एका वर्तुळात येतं. नारायणगावला ठेवली की पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण आणि अहिल्यानगर. वैजापूरला ठेवली की संभाजीनगर, वाळूज, मालेगाव. तीन पिना, आणि जवळजवळ सगळा पट्टा हाताखाली. गावाचं नाव टाकूनच शोधणार असाल तर जुनं आणि नवं दोन्ही टाका. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरी बरेच जण जाहिरातीत अजून जुनंच लिहितात. अहमदनगरचं २०२४ मध्ये बदललं, तिथेही तेच.

दुसरी अडचण शब्दांची. ‘रेकॉर्ड’ टाकलं की ग्रामोफोनच्या तबकड्या येतात, ‘स्टॅनले’ (हीही रंध्यांची कंपनी) टाकलं की मोजपट्ट्या, आणि ‘प्लेनर’ टाकलं की विजेवरचे रंधे. विकणाऱ्याला बहुतेक वेळा वस्तूचं नावच माहीत नसतं. घर आवरताना निघालेलं लोखंड, एवढंच त्याच्या लेखी. म्हणून मी हत्यारांचा विभाग सोडून अँटिक, घरगुती आणि ‘इतर’ यांतले फोटोच बघत जातो. आमचा सात नंबर ‘जुना लोखंडी शोपीस’ या नावाखाली पितळी समयांच्या शेजारी पडला होता. फोटोत अर्धा कापलेला, पण मागची मूठ आणि पितळी चाक दिसलं आणि मी उठून बसलो.

जाहिरात कल्याणची. फोनवर काकू म्हणाल्या, “सासऱ्यांचं हत्यार आहे, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. वापरणार असाल तरच या.” पंचवटी एक्सप्रेसने गेलो. १,८०० सांगितले होते, मी घासाघीस केली नाही. त्यांनी रंधा जुन्या धोतराच्या फडक्यात, तेल लावून जपला होता.

बघायला जाल तेव्हा गंजाची धास्ती घेऊ नका, तो निघतो. तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीपाशी, ओतीव लोखंडाला तडा आहे का ते बघा, पातं किती उरलंय ते बघा, आणि सगळे स्क्रू जागेवर आहेत ना ते आधी फोनवरच विचारा. या जुन्या रंध्यांचे आटे मेट्रिक नसतात, नाशकातल्या हार्डवेअरच्या दुकानांत त्या मापाचा स्क्रू मला आजवर मिळालेला नाही. आणि माल हातात येईपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा नाही. पैसे ‘मिळण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करा किंवा यूपीआय पिन टाका असं कोणी म्हणालं की तिथेच फोन ठेवायचा. तो पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

रंध्याचा तळ अजून घासलेला नाही. सरळपट्टी लावल्यावर तोंडाच्या मागे ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जेमतेम शिरते. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका पातळीत आहेत, आणि माझ्या मते तेवढं पुरे. उगाच काचेवर पॉलिश पेपर ठेवून लोखंड झिजवायला माझा हात धजावत नाही. पात्याला धार लावून चार फुटी सागाच्या कडेवर चालवला. सुरुवातीला तुकडे पडले, आणि मग एका दमात अख्ख्या लांबीचा छिलका निघाला, पलीकडचा उजेड दिसावा इतका पातळ. तो सुरळी करून खिडकीत ठेवलाय.

पुढचा नंबर सुताराच्या क्विक रिलीज शिकंज्याचा, म्हणजे स्क्रू फिरवत न बसता जबडा झटकन सरकवता येतो तो. रेकॉर्डचा ५२½, नऊ इंची जबड्याचा. त्यासाठी सुरतकडे, वापीला पिन ठेवायची ठरवली होती. पण हे लिहितानाच डोक्यात आलं की ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न (नमुने) बनवणाऱ्यांकडे असे शिकंजे आणि लांब रंधे असणारच, आणि फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, म्हटलं की कोल्हापूर आणि बेळगाव. आता ते काम बरंचसं संगणकावरच्या मशीनवर गेलंय, म्हणजे हत्यारं कुठेतरी माळ्यावर असणार. निपाणीला पिन ठेवली तर कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि बेळगाव चारही आत येतात! वापी राहू दे, आज रात्री निपाणी. तिकडचं कोणी असेल तर कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या जुन्या पॅटर्न शॉपमध्ये एकदा विचारून बघा. शिकंजा निघाला तर जबड्याचा आणि खालच्या स्क्रूचा असे दोन फोटो पाठवा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवून घेईन.