तो तडा होता की भोक घासणाऱ्या रीमरचा ओरखडा?

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी हवाई दलाच्या एका किरण या शिकवणीच्या जेट विमानाच्या पंखाच्या सांध्यातलं एक भोक मनातून जात नाही.

किरण पहिल्यांदा उडालं १९६४ साली. २००९ मध्ये अपघातानंतर नवशिक्यांची दीपक विमानं बंद झाली आणि नवख्या कॅडेटांची पहिली उड्डाणंही किरणवर आली. त्याची जागा घेणारं सितारा २००३ पासून चाचण्यांतच होतं. म्हाताऱ्या बैलावर दुप्पट ओझं टाकलं आणि आम्हाला सांगितलं, आयुष्य वाढवा.

बाहेरच्यांना वाटतं विमान तासांनी म्हातारं होतं. शिकवणीचं विमान उतरण्यांनीही झिजतं. शिकाऊ पोरगा तासाभरात पाच-सहा वेळा चाकं टेकवतो, एखाददुसऱ्यांदा आपटतोच. तासांच्या रकान्यात मात्र एकच तास चढतो.

त्या दिवशी बोल्ट काढून भोक स्वच्छ पुसलं. नमुन्याच्या ब्लॉकवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेवर एडी करंटचं, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातूतले तडे शोधणारं, यंत्र जुळवून घेतलं आणि त्याची कांडी, प्रोब, फिरवत मिलिमीटर-मिलिमीटरने आत नेला. निम्म्या खोलीवर पडद्यावरची रेषा उचलली. पुन्हा पुसलं, पुन्हा ब्लॉकवर तपासलं, पुन्हा आत. तीच खोली, घड्याळातल्या चारच्या जागी. उंची मात्र खाचेच्या सिग्नलपेक्षा कमी. कागदानुसार विमान पास.

मी सही केली नाही. वरिष्ठ म्हणाले, "अहो, मर्यादेच्या आत आहे, उड्डाणाच्या लाइनवर विमानं कमी आहेत." विमानं कमी होती हे खरंच. पण त्या कॉकपिटमध्ये शेजारी शेजारी दोघं बसतात, त्यातला एक वीस-बावीस वर्षांचा. धातूला लाइनवरच्या टंचाईचं काय? हे मी तेव्हा बोललो नाही, फक्त नोंद लिहून वर पाठवली.

दोन दिवसांनी परवानगी आली. रीमरने भोक एक साइझ मोठं केलं, सिग्नल गेला, ओव्हरसाइझ बोल्ट बसला. तो तडा होता की जुन्या रीमरचा ओरखडा, हे त्या चमकत्या किसात गेलं, आणि कीस झाडूने उचलून डब्यात.

दुसऱ्या पंखाचं तेच भोक त्या दिवशी मी दोनदा तपासलं. रेषा हलली नाही. आता वाटतं, तिसऱ्यांदा प्रोब घालायला हवा होता.