फळ्याच्या कोपऱ्यातलं सरताज गीत

आमच्या घरी रेडिओ नव्हता. त्यामुळे बुधवारी रात्री आठला, हिंदी गाण्यांची क्रमवारी सांगणारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला, मी नागपूरच्या महाल भागातल्या एका पानठेल्यासमोर हजर असायचो. ठेल्यावर मर्फीचा जुना सेट होता. बटण फिरवलं की काचेमागचा पिवळा दिवा लगेच लागायचा, पण आतले व्हॉल्व्ह तापून आवाज यायला थोडा वेळ जायचा. मग ठेलेवाले काका काटा जपून सरकवत रेडिओ सिलोन पकडायचे. १९७२ पासून देशाचं नाव श्रीलंका झालं होतं, पण आमच्यासाठी ते सिलोनच. निवेदक अमीन सयानींचं ‘बहनो और भाइयो’ ऐकू आलं की ठेल्यावरच्या गप्पा आपोआप थांबायच्या.

शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. नेमकी कडव्यातली ओळ बुडायची. बुडालेले शब्द जो तो आपल्या मनानं भरायचा आणि गुरुवारी वर्गात त्यावरून भांडणं. “अबे, तसं नाही ते!” निकाल लागायचा टॉकीजबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तकावर. चार पानांचं, पातळ कागदाचं. शाई बोटांना लागायची.

बिनाका गीतमालेचा क्रम गुरुवारी प्रार्थनेआधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं काम माझं होतं. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, वर चढलं की खाली आलं, सगळं.

१९७४ साली मी आठवीत होतो. किशोरकुमारचं ‘मेरा जीवन कोरा कागज’ तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. वर्षअखेरीला तेच सरताज गीत, म्हणजे वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं, ठरलं. एका गुरुवारी ते कोपऱ्यातून पुसायचं राहिलं आणि मराठीच्या बाई वर्गात आल्या. त्यांनी डस्टर उचललं, आणि थांबल्या.

“कोणी लिहिलं?”

मी उभा राहिलो.

“म्हण. चालीत नको, नुसतं वाच.”

मी वाचलं. बाईंनी खडू घेऊन प्रत्येक अक्षराखाली लघु-गुरूच्या खुणा केल्या; लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘मेरा जीवन’, आठ मात्रा. ‘कोरा कागज’, आठ मात्रा. “आठ आणि आठ, सोळा. पादाकुलक वृत्त. मागच्या आठवड्यात व्याख्या पाठ करून आला होतात ना? ही घ्या, तुमच्याच तोंडातली.”

वृत्त म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. त्यानंतर मी सायकलवरून जातानाही हँडलवर बोटं आपटत मात्रा मोजत असे. सगळी गाणी बसत नाहीत, चालीत अक्षरं ओढली जातात, हेही तेव्हाच उमगलं. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. केलं ते बाईंमुळे.

पुढच्या वर्षी महंगाईच्या कव्वालीनं पहिलं स्थान पटकावलं. रेशनच्या रांगेत रॉकेलचे डबे घेऊन उभी माणसं ती गुणगुणायची, ते मी पाहिलंय. १९७७ मध्ये राहुलदेव बर्मनच्या ‘मिल गया हमको साथी’वर आम्ही वेडे झालो. त्याची चाल स्वीडनच्या अ‍ॅबाच्या ‘मामा मिया’वरून घेतलेली, हे मला फार उशिरा कळलं. मूळ गाणं ऐकलं तरी पाय मात्र आपल्याच गाण्यावर थिरकतात.

२० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले. बातमी कळली. बाकावरच्या जुन्या सोबत्याला फोन लावला. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग पलीकडून त्यानं विचारलं, “चौऱ्याहत्तरचं सरताज गीत कोणतं बे?”

मी सांगितलं. चालीत नाही, नुसतं वाचल्यासारखं. आणि फोनमधून टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आला. आठ, आणि आठ.