पाच वर्षांनी गाडीचा विमा नव्याने घेताना

माझी होंडा युनिकॉर्न मोटारसायकल २०२० च्या दसऱ्याची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. तो शोरूममध्येच ऑन-रोड किमतीत धरलेला असतो, त्यामुळे आपण तो विसरून जातो. पुढची चार वर्षं फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, दरवर्षी भरायचा. आठशे-हजार रुपयांत काम व्हायचं आणि त्यात चौकशी करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही. यंदा, २४ ऑक्टोबर २०२५ ला, दोन्ही एकदम संपत होते. सप्टेंबरअखेर जुन्या कंपनीची नोटीस आली: ३,१२१ रुपये.

बायको म्हणाली, "तिप्पट? काहीतरी चुकलं असेल त्यांचं."

चुकलं नव्हतं. सगळा ब्रेक-अप मागवला तेव्हा चित्र असं: ओन डॅमेज ५६०, थर्ड पार्टी १,३६६, मालक-चालकाचा अपघात विमा ३३०, झीरो डेप (क्लेममधून घसारा, म्हणजे भागांच्या जुनेपणाची कपात, होऊ नये म्हणून) २९०, रोडसाइड असिस्टन्स ९९, वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबरमध्ये आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला म्हणून मी आशेवर होतो, पण गाडीच्या विम्यावर तो आहे तसाच आहे.

यातला १,३६६ हा आकडा कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार ठरवतं, आणि १ जून २०२२ पासून ते असे आहेत: ७५ सीसीपर्यंत ५३८, ७५ ते १५० सीसीला ७१४, १५० ते ३५० ला १,३६६, त्यावर २,८०४. युनिकॉर्नचं इंजिन १६२.७ सीसीचं. म्हणजे वरच्या बारा-तेरा सीसीपायी मी जवळजवळ दुप्पट भरतो, आणि ३४९ सीसीची बुलेट घेऊन फिरणारा शेजारीही तेवढेच भरतो! असो. मुद्दा हा की कंपन्यांमध्ये खरी चढाओढ उरलेल्या भागातच असते, आणि तो भाग जेमतेम हजार-बाराशेचा.

एका रात्री जेवणानंतर तुलना करणाऱ्या एका साइटवर बसलो. जीजे-०६ चा नंबर टाकला की गाडीची माहिती आपोआप येते. सगळ्यात वर कोट दिसला १,१२० रुपयांचा. म्हटलं, वा! मग खाली बारीक अक्षरांत मॉडेल पाहिलं तर "युनिकॉर्न १५०". ते जुनं मॉडेल, १५० सीसीच्या आतलं, म्हणून थर्ड पार्टी ७१४ ची धरलेली. माझी गाडी यादीत निवडल्याबरोबर कोट १,८८९ झाला. चुकीच्या मॉडेलवर पॉलिसी घेतली असती, तर क्लेमच्या वेळी आरसी बुक आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरने काय केलं असतं ते सांगायला नको.

पुढे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट. साइटने गाडीचं वय पाहून स्वतःच ५० टक्के धरला होता. क्लेम न करता वर्षं गेली तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो, म्हणजे गणित बरोबर होतं, पण माझा मधे एक क्लेम झालेला. त्यामुळे यंदा माझा बोनस २० टक्केच. ती खूण बदलली, आकडा २,०५६. "कोण तपासतंय" म्हणून पन्नास ठेवणारे मला माहीत आहेत. तपासतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारते, आणि सांगितलेलं खोटं निघालं तर गाडीच्या नुकसानीचा अख्खा भाग रद्द होऊ शकतो. शंभर-दीडशे रुपयांसाठी ही उठाठेव कशाला?

नंतर आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर हातात येणारी रक्कम. पाच वर्षांपर्यंत तिचा ठरलेला तक्ता आहे. चार ते पाच वर्षं वयाच्या गाडीला नव्याच्या किमतीतून ५० टक्के वजा. पाच वर्षं उलटली की ती कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. "आपसात" म्हणजे काय, तर स्वस्त कोट दाखवायचा म्हणून साइटने माझ्या गाडीची किंमत २४,००० करून टाकली होती. इथे बडोद्यात समा रोडला माझा मेकॅनिक आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "पन्नासला आज ग्राहक उभा करतो, बोला!" त्याचं थोडं सोडून देऊन मी ४२,००० धरले. कोट २,३८८. आणि झीरो डेप? ती कंपनी पाच वर्षांवरच्या गाडीला देतच नव्हती.

११२० पासून सुरू झालेला माणूस अर्ध्या तासात तेविसशे अठ्ठ्याऐंशीला पोचला, आणि हातात जुन्या कंपनीपेक्षा कमीच. शिवाय मोबाइल नंबर दिलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. एका मुलीने तर "सर, आज रात्री बारापर्यंतच हा रेट आहे" असं मला सलग तीन दिवस सांगितलं.

इथे त्या क्लेमबद्दल सांगायला हवं, कारण माझा निर्णय त्यावरच ठरला. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर बडोद्यात कोणी विसरलेलं नाही. जन्माष्टमीला पाऊस कोसळला, आजवा धरणाचं पाणी आलं, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या सीटवरून पाणी वाहत होतं. मगरीची भीती वेगळी. पाणी उतरल्यावर मी किक मारली नाही. मेकॅनिकने फोनवरच बजावलं होतं, "चावीला हातसुद्धा लावू नका, ढकलत आणा." त्याने ड्रेन नट सोडला तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी बाहेर आलं. एअर फिल्टरमध्ये मुठभर गाळ.

खालच्या मजल्यावरच्या मुलाने मात्र सेल्फ मारून पाहिला. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचा वाकला. पुराचं नुकसान साध्या पॉलिसीत येतं. पण पाण्यात गाडी चालू केल्यामुळे इंजिनचं जे होतं ते "परिणामी नुकसान" म्हणून वगळलेलं असतं. त्याला इंजिनचं काही मिळालं नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, लागतं, आणि ते दुचाकीला घ्यावं हे आमच्या सोसायटीत तोवर कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

माझं बिल ११,४०० झालं, मिळाले ७,३००. फरक कुठे गेला ते सर्व्हेयरच्या कागदावर स्वच्छ होतं. मजुरी पूर्ण. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांच्या चार हजारांतले अर्धे कापले, कारण त्यांचा घसारा गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. धातूच्या चार हजारांतून २५ टक्के, कारण गाडी तीन वर्षांवरची. तेल-ग्रीसचे हजार नाहीत. आणि दुचाकीला सक्तीने कापायचे शंभर. झीरो डेप असतं तर तीन हजार वाचले असते. पाच वर्षांनंतर धातूचा घसारा ४० टक्क्यांवर जातो, म्हणजे त्याची गरज वाढते आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच कंपन्या ते द्यायचं थांबवतात.

क्लेम केला म्हणून बोनस गेला, याबद्दल ऑफिसात मला बरंच ऐकावं लागलं. पण हिशोब करून बघा. बोनस फक्त ओन डॅमेजवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. मोटारसायकलचं ओन डॅमेज सात-आठशे. माझे त्या क्लेममुळे दोन वर्षांत मिळून सहाशेच्या आसपास गेले, आले सात हजार तीनशे. कारचं गणित निराळं असेल; दुचाकीवाल्याने बोनस जपत बसणं मला तरी पटत नाही.

तर आता मला काय हवं ते नक्की होतं: झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, बेचाळीसच्या आसपास आयडीव्ही. आयडीव्ही जास्त ठेवण्याचा गुण असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी "टोटल लॉस" धरतात. २४,००० लिहिली असती तर अठरा हजारांच्या वरच्या बिलाला माझी चालती गाडी भंगारात गेली असती.

दांडिया बाजारात वडिलांच्या ओळखीचे एक एजंट काका आहेत. लाल वह्या, मागे सयाजीरावांचा फोटो, समोर टेबलफॅन. त्यांच्याकडे गेलो.

"काका, मला इंजिनवालं ॲड-ऑन हवंय, झीरो डेपसकट."

"गेल्या पुरानंतर सगळे तेच मागतात. आधी दहा वर्षं मी ओरडत होतो तेव्हा कोणी घेत नव्हतं." काकांनी नोटीस चष्म्यावर धरली. "हे अपघाताचे ३३० कशाला? तुझी ती पंधरा लाखांची वेगळी पॉलिसी आहे ना, बँकेतून घेतलेली?"

"आहे."

"मग हे काढ. पंधरा लाखांचं कव्हर आधीच असेल तर गाडीगणिक पुन्हा घ्यायची सक्ती नाही, २०१९ पासून. मात्र पॉलिसीचा नंबर द्यावा लागेल, आणि ती चालू ठेव. नाहीतर काढू नकोस हां, ते कामाचं असतं."

तेवढं काढल्यावर जुन्या कंपनीचा आकडा २,७३२ वर आला, पण आयडीव्ही ३८,००० आणि इंजिन प्रोटेक्ट त्यांच्याकडे माझ्या मॉडेलला नाहीच. काकांनी दोन ठिकाणी फोन केले, त्यातल्या एका सरकारी कंपनीच्या माणसाशी गुजरातीत बराच वेळ घासाघीस केली. शेवटी कागदावर उतरलं: आयडीव्ही ४२,०००, बोनस धरून ओन डॅमेज ५१२, थर्ड पार्टी १,३६६, झीरो डेप २६०, इंजिन प्रोटेक्ट ११०. जीएसटीसह २,६५३.

मी सहज म्हणून विचारलं, "काका, तुमच्या कमिशनातून काही…?"

"कलम ४१ वाच. विमा कायदा, १९३८. प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं असतं, कोणी वाचत नाही. रिबेट देणं गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड." मग हसून म्हणाले, "चहा पाजतो, तो कायद्यात बसतो."

घाई एका गोष्टीची होती. बडोद्यात दिवाळीनंतर लाभ पंचमीपर्यंत दुकानं बंद, माणसं गावाला. यंदा लाभ पंचमी २६ ऑक्टोबरला, आणि पॉलिसी संपणार २४ च्या मध्यरात्री. बोनसला ९० दिवसांची मुदत असते, थर्ड पार्टीला अशी कुठली सवलत नाही. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण दंडापेक्षा वाईट म्हणजे त्या दोन दिवसांत कोणाला धडक बसली तर भरपाई आपल्या खिशातून. थर्ड पार्टीत माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला वरची मर्यादा नसते, हे आठवलं की ते १,३६६ बोचत नाहीत. शिवाय खंड पडला की ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी, फोटो, व्हिडिओ. मी धनत्रयोदशीच्या आधीच पैसे भरले. पीयूसी मागतील म्हणून ती काढून नेली होती, पण सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये विम्यासाठीची ती अट काढून टाकली आहे. रस्त्यावर मात्र ती लागतेच.

पीडीएफ आल्यावर काकांनी समोर बसवून आरसीशी ताडून बघायला लावली. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, सीसी, बोनसचा टक्का, सुरुवातीची तारीख. चॅसिस नंबरात "झेड" च्या जागी दोनचा आकडा होता. काकांनी लगेच दुरुस्तीचा मेल पाठवला, चार दिवसांत एन्डॉर्समेंट (दुरुस्तीची पुरवणी) आली, पैसे लागले नाहीत. पॉलिसी आता डिजिलॉकरमध्येही दिसते, त्यामुळे हेल्मेटच्या खोक्यात घडी केलेली झेरॉक्स ठेवायचं थांबवलं.

खालच्या मुलाची पॉलिसी जानेवारीत संपते. त्याला मी काकांचा नंबर दिलाय, आणि ब्रेक-अप आधी मागायला सांगितलंय. त्याला अजून १,१२० वाला कोट बघायचाय.