ओहोटी पाहून बुकिंग : आमची वाटचाल

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या गाळ्यात शिरलं की समोर ब्रोशरं दिसत नाहीत. भिंतीवर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक आहे आणि शेजारी पंचांग. अंदमान-मालदीवच्या एकांतातल्या किनाऱ्यांवरचे रिसॉर्ट, एवढा एकच माल आम्ही विकतो आणि तो या दोन कागदांवरून विकतो. काश्मीर नाही, युरोप नाही. लोक म्हणाले, एवढ्यावर दुकान चालत नाही. चाललं.

कोकणातला माणूस तिथीवरून भरती काढतो. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अंदमानात ही पाऊणपट लागू पडत नाही, पण उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) तिथेही तिथीनेच येतात. आता लक्ष्मीपूजन असतं अमावास्येला. म्हणजे दिवाळीची सुट्टी दरवर्षी उधाणातच सापडते. हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, पूर्वेकडच्या गोविंदनगर-विजयनगर किनाऱ्यांवर रिसॉर्टची दाटी आहे. तिथला तळ उथळ, खडकांचा आणि मेलेल्या प्रवाळाचा. उधाणाच्या दिवसांत दुपारी साडेतीनच्या आसपास पाणी पार मागे जातं आणि समोर नुसते खडक उघडे पडतात. ठाण्याहून रात्री निघून पहाटेचं विमान आणि दुपारची बोट पकडलेलं कुटुंब नेमकं त्याच वेळी खोलीवर पोचतं. पाचच्या सुमाराला तर सूर्यही मावळतो, कारण घड्याळ भारताचं आणि बेटं पार पूर्वेला. वेबसाइटवरचा निळ्या पाण्याचा फोटो सकाळच्या भरतीतला असतो. फोटो खोटा नसतो, वेळ सांगितलेली नसते.

म्हणून आमचा नियम: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पूर्व किनारा हवाच असेल तर पाण्यातलं सगळं सकाळी उरकायचं. पोहण्यासाठी पश्चिमेचं राधानगर, तळ वाळूचा. तिथेही खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ उतरायचं नाही. २०१० साली जवळच्याच नील्स कोव्हला मगरीने एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. हे सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल असं काही एजंटांना वाटतं. आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो.

हे सगळं एका जाड वहीत आहे, दर रिसॉर्टला एक पान. खोली बेटाच्या कोणत्या अंगाला, ओहोटीला किती पावलं चालल्यावर गुडघाभर पाणी लागतं, जनरेटरचा आवाज कोणत्या खोल्यांत येतो, जेवणघर किती लांब. ‘पायऱ्या’ हा रकाना चरईतल्या आमच्या एका गिऱ्हाईक काकूंमुळे आला. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “अहो, जेटीवरून बोटीत उतरायला पायरी आहे का, उडी मारायची?” उत्तर आमच्याकडे नव्हतं, आणि ते भरतीप्रमाणे बदलतं हेही तेव्हा सुचलं नव्हतं. भरतीला बोटीचा काठ जेटीच्या बरोबरीला येतो, ओहोटीला तोच तीन-चार फूट खाली. त्या दिवसापासून ज्येष्ठांची बोट आम्ही भरतीची वेळ पाहून घेतो. काका-काकू तेव्हापासून दरवर्षी आमच्याकडेच.

मार्च २०२०. एप्रिल-मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, आमचं निम्मं वर्ष त्यावर चालतं. सगळे आगाऊ पैसे पुढे भरलेले: विमान कंपन्यांकडे, रिसॉर्टकडे, बोटीकडे. आधी आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि २५ मार्चपासून देशांतर्गतही. विमान कंपन्यांनी पैशांऐवजी क्रेडिट शेल दिलं, म्हणजे रक्कम त्यांच्याकडेच, पुढच्या तिकिटासाठी. बहुतेक रिसॉर्टांनी तारीख बदलून देतो म्हटलं. एका मोठ्या रिसॉर्टने तेवढंही केलं नाही, मेलला उत्तर नाही की फोन उचलणं नाही. गिऱ्हाइकाला हे कसं समजवायचं? त्याने पैसे आम्हाला दिले होते. तिकिटांच्या परताव्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ऑक्टोबरमध्ये आला, तोवर सहा महिने रोज दाराशी माणसं.

आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक कागद दिला. तिकिटाचे किती, खोलीचे किती, बोटीचे किती, आमचं कमिशन किती आणि कुठला पैसा कोणाकडे अडकलाय. कमिशन पहिल्या महिन्यात परत केलं. त्या रिसॉर्टकडे बुडालेले पैसे आम्ही भरले, त्यासाठी गोखले रोडचा दुसरा गाळा सोडावा लागला. त्याची सल आजही आहे. काकांचा फोन आला तो वेगळ्याच सुरात, “आमचे राहू देत तुमच्याकडेच. बेट काही पळून जात नाही.” त्या वर्षी असं म्हणणारी चारच कुटुंबं होती. नव्या एजंटांना म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि परताव्याची अट रिसॉर्टकडून लेखी घ्या, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.

त्यानंतरचा घाव जवळचा होता. आमच्याकडे दोन सीझन काम केलेल्या माणसाने स्टेशनजवळ ऑफिस थाटलं. प्रवासयोजना आमचीच उचलली, बोटीच्या वेळाही मागच्या सीझनच्या तशाच ठेवून. आणि मालदीवचे दर आमच्या जवळजवळ निम्मे! ते निम्मे कसे होतात ते मांडतो, कारण ठाण्यातली कितीतरी जोडपी त्यात अडकली.

समजा खोली रात्रीला ३०० डॉलर ‘प्लस प्लस’, म्हणजे सेवाशुल्क आणि कर वेगळे, मुक्काम चार रात्री. जाहिरातीत १,२०० डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले १,३२०. त्यावर तिथला पर्यटन जीएसटी, जुलै २०२५ पासून १७ टक्के, झाले १,५४४. ग्रीन टॅक्स रिसॉर्टवर माणशी दिवसाला १२ डॉलर, दोघांचे चार दिवसांचे ९६. विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या सीप्लेनचे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे, जाऊन-येऊन माणशी ५०० धरले तर दोघांचे हजार. एकूण २,६४० डॉलर, जेवण वेगळं. बेटावर दुसरं हॉटेल नाही, साधं दुकान नाही, त्यामुळे नाश्त्यापुरता प्लॅन घेणं म्हणजे रोज दोन वेळा मेन्यूतल्या दराला शरण जाणं. दर विचारताना एकच वाक्य म्हणा: ‘सगळे कर, ट्रान्सफर आणि दोन वेळचं जेवण धरून दोघांचा शेवटचा आकडा लिहून द्या.’

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. विमान माले विमानतळावर साधारण साडेतीननंतर उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागते, आणि रिसॉर्टची पहिली रात्र फुकट जाते. सामान साधारणपणे माणशी वीस किलो, हातातलं पाच. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण बरेच रिसॉर्ट बेटापुरतं एक तास पुढचं घड्याळ लावतात. परतीचं सीप्लेन कोणत्या घड्याळाने, हे आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून घ्यायचंच. लहान मूल असेल तर पाण्यावरची व्हिला नको. डेकला बहुधा कठडा नसतो, काही ठिकाणी तर मुलांना तिथे परवानगीच नसते. जैन किंवा उपवासाचं जेवण हवं असेल तर निदान आठवडाभर आधी कळवायचं, कारण भाजी बोटीने येते.

आणि अंदमानाची एक गोष्ट, जी स्वस्त पॅकेजात हमखास कापलेली असते. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम. वारा वाढला की बोटी रद्द होतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेत सुमारे चौदाशे पर्यटक हॅवलॉकला अडकले आणि त्यांना आणायला नौदलाला जावं लागलं. त्या एका रात्रीचे पैसे वाचवून दर कमी दाखवता येतो. आम्ही वाचवत नाही, आणि त्यापायी बुकिंगं गमावली आहेत.

काका-काकूंचं पुढचं बुकिंग माघ शुद्ध अष्टमीचं, भांगाच्या पाण्यातलं. राधानगरला तळमजल्याची खोली, जेवणघर चाळीस पावलांवर, आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला.