टिकली लावलेलं बटण

मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा

रिमोटवरच्या टिकलीचा उलगडा आज झाला. नसता झाला तर बरं झालं असतं.

टिकली बारीक, मरून. आईंच्या आरशाच्या कडेला अशा आठ-दहा कायम चिकटलेल्या असतात, त्यातलीच एक. पंधरा दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा दिसली, रिमोटच्या खालच्या ओळीत, ‘मालिका’ बटणावर. तेव्हा मी किती हरखले होते ते आठवून आत्ता कानशिलं तापतायत. टीव्हीच्या चित्राचा उजेड-रंग बदलणाऱ्या चार बटणांतलं ते एकच मी खास आईंसाठी बनवलं होतं. त्यावर टिकली लावली म्हणजे आईंनी ते आपलं मानलं, असा अर्थ मी लावला. ऑफिसात डबा खाताना दोघी-तिघींना फोटोसुद्धा दाखवला. “सासूबाईंनी सर्टिफिकेट दिलं बघ,” असंही म्हणाले.

आज सई चिवड्यातले दाणे वेचून खाता खाता म्हणाली, “तुला माहीत नाही? तुझी स्कूटर वाजली की आजी ते दाबते. पटकन हाताला लागावं म्हणून टिकली आहे.”

“आणि एरवी?”

“एरवी ‘दिवस’. तू कपडे बदलायला आत गेलीस की परत ‘दिवस’.”

बस. एवढंच. सई दाण्यांकडे वळली. मी भाजी फोडणीला टाकायला गेले आणि मोहरी करपवली.

रडण्यासारखं यात काही नाही, हे मलाही कळतं. येवल्याचं जे काय चाललंय त्यावर रडू आलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण तिथे डोळे कोरडे आणि इथे टीव्हीच्या रिमोटवरून घसा दाटून येतो. मला चालवून घेतात. हेच टोचतंय. सोळा वर्षं झाली या घरात. वाटलं होतं, चालवून घेण्याचे दिवस मागे पडले. पहिल्या वर्षी माझ्या पोळ्या चालवून घेतल्या, नंतर माझी नोकरी, मग सेकंड शिफ्ट. आणि आता, जी एक गोष्ट मला खरोखर येते असं मी समजत होते, तीसुद्धा.

‘हा’ म्हणतो, “तूच टीव्हीच्या मागे लागलीस.” खरं आहे, लागले. दिवाळीत एमजी रोडवरून टीव्ही आणला तेव्हा दुकानातल्या ट्यूबलाइटांच्या झगझगाटात सगळेच टीव्ही झकास दिसत होते. घरी आणून लावला तर माणसांचे चेहरे निळसर आणि गवत प्लॅस्टिकचं. दुकानातला तो भडक मोड घरीही तसाच सुरू राहतो, हे पुढे कळलं. मग वाचत गेले. चित्रातलं पांढरं साधारण ६५०० केल्विनचं असावं, म्हणजे भर दिवसाच्या उजेडासारखं, असं मानून सिनेमावाले आणि वाहिन्या रंग ठरवतात. भडक मोड त्याहून बराच निळा असतो, कारण निळसर पांढरं डोळ्याला जास्त लख्ख वाटतं. आणि ते ‘मोशन’चं प्रकरण. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही त्यांच्या अधली-मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो, आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. रोज पाथर्डी फाट्यावरून येताना फाळके स्मारकाची पाटी दिसते. ते त्र्यंबकचे, गेले इथे नाशकातच, १९४४ मध्ये. त्यांच्या काळात सेकंदाला किती चित्रं हे हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर असायचं. आणि आता मधली चित्रं टीव्हीच काढतो, कुणी सांगितलेलं नसताना.

तर मी ते सगळं लावलं. पण मोड बदलायचा तर मेनू, मग खाली, मग उजवीकडे, मग पुन्हा खाली. टीव्हीच्या रिमोटवर त्याचं थेट बटण नाही. सकाळी हॉलमध्ये ऊन येतं तेव्हा वेगळं हवं, रात्री दिवे मालवल्यावर वेगळं. म्हणून प्रोग्रॅम करता येणारा रिमोट. मला आधी हार्मनी हवा होता, पण लॉजिटेकने ते २०२१ मध्येच बंद केले. ‘हा’ म्हणाला, “बनवणाऱ्यांनी सोडून दिलेली वस्तू तू कशाला गळ्यात घेतेस?” शेवटी साधा, शिकणारा रिमोट मागवला. शिकणारा म्हणजे दोन रिमोट चार बोटांच्या अंतरावर समोरासमोर ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते पाठ करतो. अप्पा त्याला मुंजीतला उपदेश म्हणाले.

अप्पांना यातलं सगळ्यात काय आवडलं तर मोबाइलचा कॅमेरा. रिमोटच्या तोंडाशी धरून बटण दाबलं की जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. तो ठिपका पेटला की सेकंदाला ३८ हजार वेळा थरथरतो, आणि खोलीतल्या बाकीच्या उजेडातून टीव्ही त्याच थरथरीवरून त्याला ओळखतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते शेजारच्या काकांना सांगितलं, सेकंदाला ३८ लाख वेळा म्हणून.

खरं काम पुढे होतं. एका बटणात पंचवीसेक दाबण्या ओळीने भरायच्या, त्याला मॅक्रो म्हणतात. पण रिमोट आंधळा. तो नुसता बोलतो, टीव्हीने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. मेनू मागच्या वेळी जिथे सोडला तिथेच उघडतो, त्यामुळे ‘तीन घरं खाली’ म्हणावं तर कुठून तीन? म्हणून आधी तीनदा ‘मागे’, मग मेनू, मग आठ वेळा ‘वर’. म्हणजे कुठेही असला तरी छताला डोकं आपटून थांबतो. तिथून मोजायचं. नशीब, आमच्या टीव्हीचा मेनू वरून परत खाली येत नाही. शिवाय मेनू उघडायला टीव्ही वेळ घेतो, म्हणून तिथे दोन सेकंदांचा थांबा. एकदा अप्पा मधून चालत गेले, एक दाबणी त्यांच्या धोतरात अडकली, आणि पुढच्या सगळ्या एक घर चुकून टीव्हीचा मेनू तमिळ झाला. तासभर खपले मराठीत आणायला. आई तेव्हा म्हणाल्या, “राहू दे गं, मी कुठे मेनू वाचते.” मला वाटलं, समजूत घालतायत.

सगळं मिळून बारा सेकंद. चार बटणं: दिवस, मालिका, सिनेमा, रात्र. खाली कागदाच्या चिठ्ठ्या, वर सेलोटेप. मालिकेत मी उजेड उतरवला, रंग उबदार केले, कडांची ती ओरबाडल्यासारखी धार काढली, मोशन बंद. खात्यापित्या घरची वाटावी अशी माणसं दिसत होती हो त्यात. निदान मला.

आता कळतंय, बारा सेकंद बरोबर पुरतात. गेट, स्टँड, डिकीतून डबा, पिशवी, जिना. एकदा मी जरा लवकर वर आले होते. पडद्यावर मेनू आपोआप वरखाली धावत होता आणि आई पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या. “काय झालं?” विचारलं तर म्हणाल्या, “त्याचं त्याचं चाललंय काहीतरी.” आणि मी! मी म्हणाले, “बघू, सॉफ्टवेअर अपडेट असेल.”

दोघी कशा बसलो होतो एकमेकींसमोर.

जेवताना शेवटी मी विचारलंच. तिरकं नाही, सरळ. “आई, मालिकांचं बटण आवडलं नाही का तुम्हाला?” अप्पा लगेच ताटात बघायला लागले. सईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिचं नाव पोलिसांत दिलंय. आई म्हणाल्या, “आवडलं की. तू एवढं केलंस.” मी म्हटलं, “तरी?” तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, “सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते गं.”

मग भाताचा घास डाव्या डोळ्यासमोर धरला, उजवा मिटला. “हा पांढरा.” मग उजवा उघडून डावा मिटला. “हा सायीचा.” एप्रिलमध्ये पट्टी काढून आल्यावर दुधाच्या ग्लासाबरोबर त्यांनी अगदी हेच केलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा उजेड कमी आत येतो, एकूणच अंधारतं. डावा झाला, उजवा राहिलाय. मी ते कागदावर लिहून घेतलं होतं. थेंबांच्या वेळा, पुढची तारीख, सगळं. आणि त्याच हाताने त्यांच्यासाठी उजेड उतरवून वर पिवळा रंग चढवला. ६५०० केल्विन म्हणे.

पण मग सांगायचं ना! हे परत परत येतंय मनात. एका वाक्याचं काम होतं. ‘मला अंधुक दिसतं, वाढव.’ दोन मिनिटांत केलं असतं. पण न सांगता माझी स्कूटर वाजेपर्यंत वाट बघायची, टिकली चाचपायची, बारा सेकंद काढायचे, आणि मी चप्पल काढून आत आले की त्या कावीळ झालेल्या माणसांकडे बघत बसायचं. माझ्यासाठी. मी काय एवढी भीतीदायक आहे?

इथपर्यंत लिहिलं आणि हसू आलं, कारण हे मी रोज बघते. अंबडला कारखान्यात ग्राहकाचा ऑडिट असला की गेटवरून फोन येतो आणि आमचं अख्खं शॉप फ्लोअर दहा मिनिटांत गॉगल चढवतं. गेज खोक्यात जातात, पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेरच्या ट्रॉल्या पट्ट्यांच्या आत येतात. ऑडिटरची गाडी वळली की गॉगल परत कपाळावर. ऑडिटर वाईट असतो म्हणून कुणी हे करत नाही. चांगलाच असतो बिचारा. चेकलिस्ट भरतो, “व्हेरी गुड” म्हणतो, चहा पितो. मला कायम वाटत आलंय, या माणसाला खरंच कळत नसेल का?

नाही कळत. ग्वाही देते.

आणि चहावरून आठवलं. आईंच्या हातच्या चहात साखर जास्त असते. सोळा वर्षं. मी तो रोज “छान झालाय” म्हणून पिते आणि ऑफिसात जाऊन बिनसाखरेचा घेते. तेव्हा फार बोलू नये मी.

जेवणं झाल्यावर अप्पांनी विषय बदलला, म्हणजे त्यांना वाटलं की बदलला. पहिला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला तेव्हा आईंनी त्यावर निळा प्लॅस्टिकचा कागद लावला होता म्हणे, रंगीत वाटावं म्हणून. सगळं जग निळं. अप्पांना तो मुळीच आवडत नसे. “मग काढला का नाही?” सईने विचारलं. अप्पा म्हणाले, “हिला आवडायचा.” आई म्हणाल्या, “मला कुठे? तुम्हीच आणला होता ना शालिमारवरून.” दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग आईंनी बातम्या लावल्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुती दाखवत होते. मी मुद्दाम सांगितलं, “‘दिवस’ दाबा.” त्यांनी दाबलं. मारुतीच्या भोवतीचं गढूळ पाणी असं झळकायला लागलं की जणू कुणी संत्र्याचा रस सोडलाय गोदावरीत. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

सगळे झोपलेत. टीव्हीचा आवाज बंद करून मी हॉलमध्ये बसले आहे. ‘मालिका’ बटणातच भडक मोड भरून टाकावा असं आधी वाटलं. पण मग उद्या स्कूटर वाजल्यावर आई ते दाबतील, काहीच बदलणार नाही, आणि त्या घाबरून दाबत राहतील. मी वर येईन तेव्हा टीव्ही पुन्हा तमिळ. शिवाय आज बोलणं झालं असलं तरी उद्या स्कूटर वाजल्यावर त्यांचा हात टिकलीकडे जाणारच, हे मला त्यांच्या “बरं” म्हणण्यावरून कळलंय. उजवा डोळा दिवाळीआधी करायचा आहे. तोवर हे असंच.

म्हणून निदान त्यांची धावपळ तरी कमी करू म्हटलं. मेनूनंतरचा दोन सेकंदांचा थांबा दीड केला. चुकलं, टीव्ही आवाजाच्या पानावर जाऊन बसला. पावणेदोन केला. जमलं. बाणांमधलं अंतरही थोडं आवळलं. आता साडेनऊ सेकंद. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा बरोबर. दाबून दाबून टिकली एका कडेने सुटत आली होती. ती नखाने नीट बसवली.