बी.एस्सी. केमिस्ट्री ते फौंड्रीची सँड लॅब : माझं अप्रेंटिसशिपचं वर्ष

२०२४ च्या उन्हाळ्यात बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा घरात तीनच वाटा बोलल्या जात होत्या : एम.एस्सी., बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा. अप्रेंटिस म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर आयटीआयची मुलं यायची, एसटीच्या डेपोत पाने-पकड घेऊन गाडीखाली शिरणारी. केमिस्ट्री घेतलेली मुलगी अप्रेंटिस होऊ शकते, हे मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं.

सांगितलं मावसभावानं. त्यानं डिप्लोमा झाल्यावर ‘नॅट्स’मधून, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेतून, वर्ष काढलं होतं. तो म्हणाला, “अगं, आता कुठल्याही पदवीला चालतं. बघ तरी.” मग बसून शोधलं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात १९७३ च्या दुरुस्तीनं आले. आमच्यासारख्या बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांसाठी दार उघडलं ते २०१४ च्या दुरुस्तीनं. म्हणजे माझ्या निकालाच्या आधी दहा वर्षं ते दार उघडं होतं आणि आमच्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर त्याची एक ओळ कधी लागली नव्हती. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं, कारण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्याच उन्हाळ्यात घरी बसल्या.

नाव नोंदवणं फार अवघड नाही. ऑगस्टमध्ये सायबर कॅफेत बसून नॅट्सच्या पोर्टलवर आधार, मार्कलिस्ट, फोटो, बँक पासबुक चढवलं आणि नोंदणी क्रमांक मिळाला. महाराष्ट्राचं काम मुंबईत सायनला असलेल्या पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे चालतं, पण मला तिकडं एकदाही जावं लागलं नाही. वेळ लागतो तो कंपनी मिळायला. मी १७ ठिकाणी अर्ज केले. तिघांनी बोलावलं. त्यातली एक कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फौंड्री होती, म्हणजे लोखंडाचा रस साच्यात ओतणारा कारखाना. इंटरव्ह्यूत विचारलं, “टायट्रेशन केलंय का?” (टायट्रेशन म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडत मोजणं; जिथं थांबायचं तो एंड पॉइंट.) मी म्हटलं, “केलंय, सर.” “एंड पॉइंट चुकला तर काय होतं?” मी म्हटलं, “रीडिंग चुकतं.” ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या हसण्याचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला.

करार एक वर्षाचा. विद्यावेतन तेव्हा महिना ९,००० रुपये, त्यातले ४,५०० कंपनीचे आणि ४,५०० केंद्र सरकारचे. करार मी घरी आणून ओळ न् ओळ वाचला, आणि जो कुणी सही करणार आहे त्यानं तो वाचावाच. त्यातल्या दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. कायद्यानं तुम्ही कामगार नसता, प्रशिक्षणार्थी असता, त्यामुळे पीएफ वगैरे नाही. आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं कंपनीवर बंधन नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वर्षभर शिकिवणार हाईत का, तेवढं बघ.”

पहिले तीन आठवडे कुणी काही शिकवलं नाही. लॅबमध्ये जागा नाही म्हणून मला डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं. गेट पास लिहायचे, चलनांच्या झेरॉक्स काढायच्या, फायली लावायच्या. माणसं वाईट नव्हती, वेळेवर चहा मिळायचा. पण संध्याकाळी केएमटीच्या बसमध्ये बसलं की दादांचं वाक्य आठवायचं. शेवटी मी कराराबरोबरचा प्रशिक्षणाचा तक्ता काढला. कुठल्या विभागात किती आठवडे, काय शिकायचं, हे त्यात लिहिलेलं असतं आणि दर तिमाहीला प्रगतीची नोंद मंडळाकडे द्यायची असते. तो घेऊन एचआरच्या मॅडमकडे गेले. हात थरथरत होते. म्हटलं, “मॅडम, पहिल्या तिमाहीच्या नोंदीत मी काय लिहू?” त्यांनी तक्ता वाचला, लॅबच्या सरांना फोन लावला. पुढच्या मंगळवारी मी सँड लॅबमध्ये होते. (आमची सुट्टी सोमवारी.)

आता वाळूबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शिकले ते तिथंच.

फौंड्रीत ग्रीन सँड म्हणतात ती हिरवी नसते, काळीभोर असते. ग्रीन म्हणजे ओली, न भाजलेली. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची पूड आणि पाणी. तिचा साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा, आणि तीच वाळू गाळून, नवीन बेंटोनाइट आणि पाणी घालून पुन्हा वापरायची. प्रत्येक फेरीत रसाच्या उष्णतेनं थोडं बेंटोनाइट मरतं. मेलेली माती दिसायला तशीच असते, पण पकड धरत नाही. म्हणून वाळूत जिवंत माती किती उरली, हे दर पाळीत मोजावं लागतं.

पहिल्या दिवशी मी सरळ यंत्रांकडे गेले. मिक्सरवर तीस वर्षं काढलेले एक मामा होते, त्यांनी अडवलं. “आधी हातात घे. यंत्र मागनं.” त्यांनी माझ्या मुठीत वाळू दिली. “दाब. आता उघड.” तळव्यावर काळा मुटका उभा राहिला, त्यावर माझ्या चारही बोटांच्या रेषा उमटलेल्या. “आता मोड.” मोडला, तर कडा भुरभुरल्या. “पाणी कमी हाय,” मामा म्हणाले. मग यंत्रावर बघितलं : २.८ टक्के. आमच्याकडे ३ ते ३.५ लागायचं. पुढं दोन महिने मी हाच खेळ केला. आधी मुठीनं अंदाज, वहीत आकडा, मग यंत्र. डिसेंबरपर्यंत माझा अंदाज बऱ्यापैकी जवळ यायला लागला. वाळू नीट असली की मुटका खटकन दोन तुकड्यांत मोडतो आणि कडा धारदार राहतात.

यंत्राची कामंही शिकले. नळीत वाळू घालून वजनाचे तीन ठोके द्यायचे, ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा ठोकळा तयार होतो. त्यातून हवा किती जाते, तो किती दाबाला फुटतो, हे बघायचं. हवा जायला जागा नसेल तर रस ओतल्यावर वायू आत अडकतो आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, भोकं पडतात. त्याला ब्लो होल म्हणतात. बाहेरून कास्टिंग चांगलं दिसतं, मशिनिंगला गेलं की भोक उघडं पडतं, आणि तोवर त्यावर सगळा खर्च झालेला असतो.

जिवंत माती मोजायची ती मिथिलिन ब्ल्यूनं. हे ऐकलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. शेवटी टायट्रेशनच ना! पाच ग्रॅम वाळू घ्यायची, पायरोफॉस्फेटच्या पाण्यात उकळून माती सुटी करायची, मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, निळं द्रावण सोडत जायचं. अधूनमधून काचेच्या कांडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवायचा. मधे गडद निळा ठिपका आणि भोवती पांढरं पाणी, म्हणजे माती अजून रंग पिते आहे. ज्या थेंबाभोवती फिकट निळी कड उमटली, तिथं माती भरली. पण कड दिसली म्हणून थांबायचं नाही. दोन मिनिटं ढवळायचं आणि पुन्हा थेंब ठेवायचा. कड टिकली तर तो एंड पॉइंट. नाहीशी झाली तर पुढं चालू.

जानेवारीत एका संध्याकाळी मी ती दोन मिनिटं थांबले नाही. शेवटची बस चुकेल म्हणून घाई होती. पहिली कड दिसली तोच आकडा लिहिला आणि माती कमी आहे असा रिपोर्ट मिक्सरला दिला. रात्रपाळीनं त्यावरून बेंटोनाइट वाढवलं. बेंटोनाइट वाढलं की वाळू जास्त पाणी मागते, म्हणून पाणीही वाढलं. सकाळी आले तेव्हा शेकआउटला, म्हणजे साचा फोडतात तिथं, घट्ट ढेकळं निघत होती. चार दिवसांनी त्या पाळीची १४ कास्टिंग ब्लो होलनं बाद झाली.

लॅबचे सर ओरडले नाहीत. त्यांनी राखून ठेवलेला नमुना काढला आणि तीच टेस्ट माझ्याकडून तीनदा करवून घेतली. तिन्ही वेळा आकडा माझ्या रिपोर्टपेक्षा वर आला. मग मला त्या १४ कास्टिंगजवळ घेऊन गेले. एकेका भोकात बोट घालून बघायला लावलं. कॉलेजात माझं टायट्रेशन चुकायचं तेव्हा मी शेजारणीचं रीडिंग बघून जर्नल पूर्ण करायचे, आम्ही सगळेच करायचो, कारण उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत असायचं. इथं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं आणि रात्रपाळीची सगळी माणसं माझ्या आकड्यावर विसंबून होती. त्या दिवसानंतर मी घड्याळ लावल्याशिवाय टायट्रेशन केलेलं नाही.

त्या रात्री मी सेकंड इयरचं पुस्तक काढून अधिशोषणाचा, म्हणजे अ‍ॅडसॉर्प्शनचा, धडा पुन्हा वाचला. परीक्षेला पाठ केलेली तीच पानं होती. मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू कसे बसतात, हे मला पहिल्यांदा खरोखर समजलं. पदवी वाया गेली नाही, हे मला तेव्हा कळलं. फक्त ती ज्या कामासाठी होती ते काम तिच्याजवळ कधी आणलंच गेलं नव्हतं.

नंतरचे महिने भराभर गेले. स्पेक्ट्रो लॅबमध्ये भट्टीतून आलेला नाण्याएवढा नमुना घासून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज बघायचे. भट्टीत रस १४०० अंशांच्या वर उभा असतो, माणसं लॅबच्या खिडकीकडे बघत असतात, त्यामुळे हात चालवावाच लागतो.

पैशांची एक अडचण सांगते, कारण ती अनेकांना येते. कंपनीचे ४,५०० दर महिन्याला यायचे. सरकारचे पहिले तीन महिने आलेच नाहीत. कॉट बेसिसवर राहत होते, मेसचे पैसे थकले, दादांकडून मागून घ्यावे लागले. पोर्टलवर मात्र रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं. शेवटी कळलं, की हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात. माझं आधार अकरावीत स्कॉलरशिपसाठी काढलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं बंद पडल्यात जमा होतं. केवायसी करून पैसे काढायला तीन खेपा झाल्या. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग’ कुठल्या बँकेला आहे ते दोन मिनिटांत दिसतं. करारावर सही करण्याआधी ते बघा.

माझं वर्ष चांगलं गेलं, पण सगळ्यांचं तसं जात नाही. माझ्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या गावातल्या एका कंपनीत अख्खं वर्ष बॉक्सवर लेबलं चिकटवली. प्रमाणपत्र तिलाही मिळालं, मलाही मिळालं. कागद एकच. फरक एवढाच, की मला शिकवायला दोन माणसं होती आणि तिला कुणी नव्हतं. तिच्या कॉलेजमधून एक जरी प्राध्यापक तिमाहीला चक्कर मारून “आज काय शिकलीस?” असं विचारून गेले असते, तर ती वर्षभर लेबलांवर राहिली नसती असं माझं ठाम मत आहे.

धाकटी बहीण माझ्याच कॉलेजात सेकंड इयरला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिला शेवटच्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार क्रेडिटचं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२०. आठ तासांचे १५ दिवस. पंधराव्या दिवशी मी अजून डिस्पॅचच्या टेबलावर गेट पास लिहीत होते! वाळूचा मुटका ओळखायला मला दोन महिने लागले. १५ दिवसांत फौंड्री बघून होते, शिकून होत नाही. यूजीसीनं २०२५ मध्ये पदवीच्या आतच अप्रेंटिसशिप घेण्याच्या मार्गदर्शक सूचना आणल्यात : तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार, आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरायचे. हे मला मनापासून पटतं. मी पदवीनंतर जे वर्ष दिलं, त्यातलं एक सत्र जरी पदवीत असतं, तर अ‍ॅडसॉर्प्शनचा धडा मी शिकवणाऱ्या सरांसमोर बसून दुसऱ्यांदा वाचला असता, प्रश्न विचारले असते. मला तो रात्री एकटीनं वाचावा लागला.

वर्ष संपल्यावर कंपनीत जागा नव्हती. वाईट वाटलं, पण ते करारात वाचलेलं होतं. लॅबच्या सरांनीच दुसऱ्या एका फौंड्रीत नाव सुचवलं आणि आता मी तिथं सँड लॅबला आहे, पीएफसकट.

गेल्या महिन्यात बहिणीच्या फीच्या कामानं कॉलेजात गेले होते. डिपार्टमेंटमध्ये डोकावले आणि पर्समधला फिल्टर पेपर सरांना दाखवला : निळ्या ठिपक्यांची ओळ, शेवटच्या दोन ठिपक्यांना कड. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “हे आपल्याकडे करता येईल? काय काय लागतं?” मी सांगत गेले, ते कपाट उघडून बघत गेले. मिथिलिन ब्ल्यू होतं, ब्युरेट होत्या, हॉट प्लेट होती. पायरोफॉस्फेट मागवावं लागणार होतं. वाळू नव्हती. पुढच्या सोमवारी, कंपनीत विचारून, मी दोन किलो वाळू पिशवीत बांधून घेऊन गेले.