लाल हापसा, हिरवा हापसा

बांगलादेशातल्या आराइहजारमधल्या त्या अंगणात हापशाचं पाणी बाटलीत घेतलं, तपासणीच्या रसायनाच्या पुड्या टाकल्या, झाकणात पांढरी पट्टी अडकवली आणि आम्ही वीस मिनिटं बसून राहिलो. पट्टी आधी फिकट पिवळी झाली, मग हळदीसारखी, मग मातकट तपकिरी. रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायची गरजच नव्हती, पाण्यात आर्सेनिक होतं. घरच्या सुनेने कडेवरच्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपा, पण पाणी तर गोड आहे!"

आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला विषारी सोमल, पाण्यात असला तरी त्याला ना चव, ना वास, ना रंग. हे तिला सांगताना माझाच घसा कोरडा पडला.

पाणी तपासणं हे माझं रोजचं काम. 2011 साली त्याच कामासाठी तीन महिने बांगलादेशात, नारायणगंज जिल्ह्यात होते. परत आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, "केवढी माणसं असतील ना तिथे?" आहेतच. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी जमीन, आणि 2022 च्या जनगणनेनुसार त्यावर सुमारे 17 कोटी माणसं. पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग एवढ्या लोकसंख्येत दुसरं काय होणार?" या वाक्याची मला मनापासून चीड आहे. त्या सुनेच्या बाळाच्या पोटात सोमल गेला, तो शेजारी माणसं फार होती म्हणून नाही.

तळ्याचं पाणी पिऊन पोरं हगवणीने आणि कॉलऱ्याने दगावत होती. म्हणून 1970 च्या दशकापासून सरकारने आणि युनिसेफने गावोगाव हापसे बसवले. पुढे लोकांनी पदरचे पैसे घालून घरोघरी बसवले. त्या वेळच्या माहितीवर तो निर्णय चांगलाच होता, असं मला आजही वाटतं. फक्त जमिनीखालच्या त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलं नाही. 1993 साली चापाई नवाबगंजमध्ये ते सापडलं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा थर असतो आणि आर्सेनिक त्या लोहाला धरून बसलेलं असतं. खाली प्राणवायू संपला, पालापाचोळा कुजला, की लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. हे घडतं मुख्यतः वरच्या थरांत. दीडशे मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं निघतं, पण तेवढं खोल जाणं एकट्या घराला परवडत नाही.

2000 नंतरच्या काही वर्षांत देशभर जवळपास 50 लाख हापसे तपासले गेले. दूषित असेल त्याला लाल रंग, चांगला असेल त्याला हिरवा. आणि गंमत वाटावी इतकी विलक्षण गोष्ट म्हणजे एका अंगणातला हापसा लाल निघतो आणि पलीकडच्या अंगणातला हिरवा. आराइहजारमध्ये बहुतेक घरांना शंभर मीटरच्या आत चांगला हापसा होता. माणसं दाटीने राहतात म्हणूनच तो इतका जवळ! विरळ वस्तीत हे जमलं नसतं.

सुनेच्या घरापासून चाळीस पावलांवर हिरवा हापसा होता, पण त्या घराशी बांधावरून भांडण. दोन वर्षं बोलणं बंद. संध्याकाळी सासू स्वतः कळशी घेऊन गेली. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. ती भरलेली कळशी घेऊन आली, एवढं पाहिलं.

याच देशात 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅक या तिथल्याच स्वयंसेवी संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी: हगवण लागलेल्या पोराला हे कसं द्यायचं, ते त्यांनी प्रत्येक आईला तिच्याच भांड्यात करून दाखवलं. नंतर दुसरं कुणीतरी येऊन आईला काय आठवतंय ते तपासायचं आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरायचा. मी कामाची अशी पद्धत दुसरीकडे पाहिलेली नाही. पत्रक वाटलं की काम झालं, असं तिथे कुणी मानलं नाही.

हापशांच्या बाबतीत मात्र तो पाठपुरावा राहिला नाही. मी गेले तेव्हा जुने रंग उडून गेले होते. लाल की हिरवा हे घरच्यांनाही नीट आठवत नव्हतं आणि मधल्या काळात बसवलेले कितीतरी हापसे कधी तपासलेच नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी ती सून आमच्या मुक्कामी आली. हातात तीन बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. कुठली चिंधी कुणाच्या नव्या हापशाची, हे तिने मला दोनदा म्हणून दाखवलं आणि पट्टीचा रंग बदलतोय का ते पाहत वीस मिनिटं समोर बसून राहिली.